पाडायची ताकद

(वस्तीतल्या रविवारच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज काय बोलणार म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, अमेरिकेतलं डेलावेर नावाचं चिमुकलं राज्य आणि तिथली काँग्रेसची निवडणूक. लगेच मागून एक आवाज आला, "इथं नगरसेवक नळाला पाणी आणीना, आणि हा चालला अमेरिकेला!" खरं आहे. म्हणून माझा आणि डेलावेरचा संबंध काय ते आधी सांगून टाकतो.

मी रात्रपाळी करतो. काचेच्या इमारतीत बसून परदेशी कंपन्यांचे कागद तपासायचे, हा माझा धंदा. रोज रात्री स्क्रीनवर एकच पत्ता: विल्मिंग्टन, डेलावेर. कंपनी बदलते, पत्ता तोच. मला वाटलं, असेल मुंबईच्या बापासारखं शहर. शोधलं तर निघालं सत्तर हजार वस्तीचं गाव. अख्ख्या राज्यात २०२० च्या जनगणनेत माणसं ९,८९,९४८. आणि नोंदलेल्या कंपन्या वीस लाखांवर! माणसाला दोन-दोन कंपन्या. का? तर तिथला कायदा कंपन्यांच्या सोयीचा. मग डोक्यात किडा शिरला. जिथं माणसांपेक्षा कंपन्या जास्त, तिथं निवडून कोण येतं? आणि तिथला काळा माणूस काय करतो? सुट्टीच्या दिवसांत वाचत बसलो. जे हाती लागलं ते तुमच्यापुढे टाकतो.

पहिली गोष्ट. तिकडे काँग्रेस म्हणजे हाताच्या पंजाची पार्टी नव्हे. काँग्रेस म्हणजे त्यांची संसद. तिची सभागृहं दोन. खालच्या सभागृहात लोकसंख्येप्रमाणे जागा. वर सिनेट, तिथं प्रत्येक राज्याला दोनच, राज्य हत्तीएवढं असो की मुंगीएवढं. कॅलिफोर्नियात माणसं जवळजवळ चार कोटी, सिनेटर दोन. डेलावेरात २०२० च्या जनगणनेत दहा लाखही नव्हती, सिनेटर दोन. म्हणजे सिनेटसाठी डेलावेरवाल्याचं एक मत कॅलिफोर्नियातल्या चाळीस मतांच्या तोडीचं. खाली मात्र डेलावेरला एकच जागा. सव्वादोनशे वर्षांत १८१३ ते १८२३ एवढी दहा वर्षं सोडली तर कायम एकच. सगळं राज्य मिळून एक मतदारसंघ.

आता इथं कान द्या, कारण इथून पुढं गोष्ट आपल्या ओळखीची आहे.

डेलावेरात आज काळी माणसं साधारण पाचांत एक. पाचांत एक असलेला समाज एका जागेसाठी एका पेटीत मत टाकतो. त्याच पेटीत इतर चौघांचं मत पडतं. मग तो एकटा आपल्या जोरावर कुणाला निवडून आणणार? कधीच नाही. या दुखण्याचं नाव आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. १९३२ साली पुण्यात हेच झालं. राखीव जागा वाढल्या, पण मतदारसंघ संयुक्त राहिला. माणूस आपला, त्याला निवडणारे हात दुसऱ्यांचे. १९५२ साली मुंबईत आणि १९५४ साली भंडाऱ्यात लोकसभेसाठी बाबासाहेब स्वतः उभे राहिले आणि दोन्हीकडे पडले. घटना लिहिणारा माणूस पडला! आपल्यातले गोडघाशे मात्र त्याच दारातून आत गेले, खुर्ची ऊबदार करून आले.

तर डेलावेरच्या काळ्या माणसानं काय केलं? दोन प्रकारे केलं. दोन्ही सांगतो.

आधी हे राज्य कसलं आहे ते बघा. गुलामांचा मुलूख. पण यादवी युद्धात ते उत्तरेच्या, म्हणजे लिंकनच्या बाजूला राहिलं, म्हणून १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा तिथं लागूच झाला नाही. १८६० च्या शिरगणतीत तिथं १,७९८ गुलाम होते. गुलामी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती १८६५ साली आली, तेव्हा डेलावेरच्या विधिमंडळानं ती फेटाळली. देशात ती लागू झाली म्हणून त्यांचे गुलाम सुटले. डेलावेरनं तिच्यावर होकाराचा शिक्का मारला १९०१ साली. छत्तीस वर्षांनी! मताचा हक्क कागदावर मिळाला, तर १८७३ साली कराची भानगड काढली. कर भरला तरच मत. आणि काळा माणूस कर भरायला आला की वसूल करणारा गायब. पुढे १८९७ च्या राज्यघटनेत कर गेला, वाचता-लिहिता येण्याची अट आली. ज्याला शाळेच्या दारात उभं केलं नाही त्याला विचारायचं, वाचता येतं का?

आणि शिक्का मारला त्या १९०१ सालची गंमत ऐका. तेव्हा सिनेटर लोक निवडत नसत, राज्याचं विधिमंडळ निवडायचं. गॅसच्या धंद्यात गबर झालेला ॲडिक्स नावाचा शेठ पैशाची थैली सोडून सिनेटची जागा मागत बसला. त्याची माणसं हटेनात, विरोधक नमेनात. १९०१ ते १९०३ डेलावेरचा एकही सिनेटर नव्हता. दोन्ही खुर्च्या रिकाम्या! पुढे बंदुकीच्या दारूवर मोठं झालेलं द्यूपाँ घराणं आलं, त्यांच्यातले दोघं सिनेटमध्ये बसले. छोट्या राज्याचं हे असं असतं. मत थोडं, म्हणून विकत घ्यायलाही स्वस्त.

त्याच १९०३ च्या जून महिन्यात विल्मिंग्टनजवळ जॉर्ज व्हाइट नावाच्या काळ्या माणसाला झुंडीनं तुरुंगातून ओढून काढलं आणि जिवंत जाळलं. खटला चालला नव्हता. त्या जागी २०१९ साली आठवणीचा फलक लावला, तर तो कुणीतरी चोरून नेला. पुन्हा लावावा लागला. एकशे सोळा वर्षांनीही कुणाला तरी तो फलक खुपत होता.

आता पहिली रीत. साल १९२२. झुंडीनं माणसं मारण्याविरुद्ध एक बिल काँग्रेसमध्ये आलं, डायर बिल. खालच्या सभागृहात २६ जानेवारीला ते पास झालं. डेलावेरचा एकुलता एक प्रतिनिधी होता केलेब लेटन. रिपब्लिकन, म्हणजे लिंकनच्या पार्टीचा. काळी माणसं पिढ्यान् पिढ्या त्याच पार्टीला मत देत आली होती. लिंकननं सोडवलं, म्हणून. आणि या गड्यानं बिलाच्या विरोधात मत टाकलं. ज्या गावाजवळ माणूस जाळला त्या गावचा प्रतिनिधी!

विल्मिंग्टनात एक बाई होत्या, ॲलिस डनबार-नेल्सन. कवयित्री. त्यांची आई गुलामीत जन्मलेली. हॉवर्ड हायस्कूल या काळ्या मुलांच्या शाळेत त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं, आणि राजकारण करतात म्हणून १९२० साली त्यांची नोकरी घालवली. त्याच १९२० साली बायकांना मताचा हक्क मिळाला. डेलावेरनं त्या घटनादुरुस्तीलाही नाक मुरडलं होतं, बरं का. दुसऱ्या राज्यांनी पुरं केलं म्हणून हक्क आला. नवं कोरं मत हातात घेतलेल्या काळ्या बायका घरोघर गेल्या. सांगितलं, पार्टी बापजाद्यांची असेल, मत आपलं आहे. लेटनला पाडा.

लेटन पडला.

तेव्हा तिथं काळी माणसं सातांत एक होती. त्यांच्या एकट्यांच्या मतांनीच तो पडला, असं मी म्हणणार नाही. त्या वर्षी हवाच त्याच्या पार्टीच्या विरोधात होती. आणि जिंकला कोण? डेमोक्रॅट, म्हणजे तेव्हाची दक्षिणेतल्या गोऱ्या मालकांची पार्टी. ॲलिसबाईंना हे कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. त्यांना नवा मालक नको होता. जुन्याला एवढंच समजवायचं होतं की हे मत तुझ्या बापाची इस्टेट नाही. न्यू जर्सी आणि मिशिगनमध्येही त्या वर्षी बिलाच्या विरोधातले लोक असेच पडले.

बिलाचं काय झालं? वर सिनेटमध्ये दक्षिणेच्या सिनेटरांनी त्याचा गळा दाबला. नुसतं बोलत राहायचं, कामकाज अडवायचं, मत होऊच द्यायचं नाही, हा त्यांचा कावा. लिंचिंगविरोधी कायदा अमेरिकेत झाला २९ मार्च २०२२ रोजी. शंभर वर्षांनी! म्हणजे पाडून लगेच न्याय मिळतो, असं मी तुम्हाला विकत नाही. पण सातांत एक असलेला समाज लक्षात राहिला.

उलटं उदाहरणही बघा. १९६८ साली मार्टिन लूथर किंग यांचा खून झाला, विल्मिंग्टनच्या काळ्या वस्त्या पेटल्या. राज्यपालानं सैनिक उतरवले. दंगल काही दिवसांत निवली, पण बंदुका रस्त्यावर नऊ महिने. १९७२ साली एकोणतीस वर्षांचा जो बायडन सिनेटला उभा राहिला आणि तीन हजारांच्या आसपास मतांनी निवडून आला. एवढ्याशा फरकात विल्मिंग्टनच्या काळ्या मताचं मोल काय, हे शाळकरी पोरही सांगेल. पुढे प्रश्न आला शाळांचा. काळी आणि गोरी मुलं एकत्र शिकावीत म्हणून त्यांना बसनं लांबच्या शाळांत न्यायचं की नाही. गोऱ्या उपनगरांनी गिल्ला केला. १९७५ साली बायडननं या बसच्या विरोधात दुरुस्ती आणली आणि सिनेटनं ती मंजूर केली. १९७८ साली त्याला पाडलं का कुणी? नाही. आरामात निवडून आला. छत्तीस वर्षं सिनेटमध्ये बसला, पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. १९२२ चा धडा १९७८ ला कुणी वापरला नाही.

आता दुसरी रीत, निवडून आणायची. २०१६ साली लिसा ब्लंट रॉचेस्टर त्या एकुलत्या एक जागेवर निवडून आल्या. डेलावेरमधून काँग्रेसमध्ये गेलेली पहिली बाई आणि पहिली काळी व्यक्ती. शपथेच्या दिवशी त्यांच्याजवळ एक स्कार्फ होता. त्यावर १८६७ सालच्या मतदार नोंदणीचा कागद छापलेला. त्यांचा पाच पिढ्यांमागचा पूर्वज जॉर्जियात गुलामीतून सुटला, मतदार म्हणून नाव लावायला गेला, सही येत नव्हती म्हणून त्यानं फुली मारली. ती फुली नात घेऊन संसदेत गेली. आपल्या आज्यांचे अंगठे ज्यांनी पाहिलेत त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

पण भावनेत वाहून जाऊ नका, हिशेब बघा. खरी लढत झाली प्रायमरीत, म्हणजे पार्टीच्या आतल्या निवडणुकीत. सप्टेंबरचा महिना, उमेदवार सहा, आणि मत फक्त त्या पार्टीत नाव नोंदवलेल्यांना. जास्त मतं ज्याची तो जिंकला, निम्मी पडलीच पाहिजेत असं नाही. बाईंना साधारण चव्वेचाळीस टक्के पडली, मोजून तीस हजारांच्या आत. नोव्हेंबरात दोन लाखांवर मतं पडली खरी, पण दार उघडलं ते या तीस हजारांनी. ज्याचं नाव यादीत नव्हतं, जो सप्टेंबरात घरी बसला, तो नोव्हेंबरात फक्त टाळ्या वाजवायला आला.

२०२४ साली बाई सिनेटवर निवडून गेल्या, आणि त्यांच्या जागेवर आल्या सारा मॅकब्राइड. काँग्रेसमध्ये उघडपणे निवडून आलेली पहिली ट्रान्सजेंडर व्यक्ती. शपथ व्हायच्या आधीच सभागृहाच्या अध्यक्षांनी फर्मान काढलं, ट्रान्स बायकांनी संसदेतला बायकांचा संडास वापरायचा नाही. लाखो मतं घेऊन आलेल्या बाईला आधी संडासाचं दार दाखवलं. आपण पाण्याचं तळं पाहिलंय, देवळाची पायरी पाहिलीय. हे त्याचंच भावंड.

म्हणून जागा मिळाली की भागलं, असं समजू नका. चौघांच्या मतावर निवडून गेलेला पाचवा माणूस चौघांकडेच बघून बोलतो. तो वाईट म्हणून नव्हे, त्याचं गणितच तसं बसवलंय. ते गणित बदलायचं तर आपल्याकडेही त्याला घाबरवणारं काही पाहिजे.

जाता जाता एक. पँथर हे नाव आपण १९७२ साली अमेरिकेतल्या काळ्यांकडून घेतलं. तो काळा चित्ता आधी काय होता ठाऊक आहे? निवडणूक चिन्ह! १९६६ साली अलाबामातल्या लाउन्डस परगण्यात, अक्षर न येणाऱ्या माणसांनी शिक्का कुठं मारायचा ते कळावं म्हणून. त्या वर्षी त्यांचे सगळे उमेदवार पडले. चित्ता मात्र आपल्यापर्यंत आला.

तर आजपासून एक काम करू. पुढच्या रविवारी सगळ्यांनी मतदार यादी घेऊन यायची. आपल्या गल्लीतली किती नावं गाळली, किती मेलेल्यांची ठेवली, ते बोट ठेवून बघायचं. आणि एक वही घालायची. आपल्या मतांवर गेलेला नगरसेवक, आमदार कुठल्या ठरावाला हात वर करतो, कुठल्या वेळी मुतारीला जातो, तारीखवार लिहायचं. निवडणूक आली की तो हात जोडून येईल, निळा फेटा बांधून येईल. तेव्हा चहा पाजा, आणि वही उघडा.

जय भीम!