रुग्णालयातील दुरुस्तीचा कारभार

रुग्णाचे प्राण जसे वैद्याच्या आणि परिचारिकेच्या हाती असतात, तसेच ते पंपचालक, वायरमन आणि प्लंबर यांच्याही हाती असतात, याची जाणीव लातूरकरांना 2016 च्या उन्हाळ्यात झाली. मांजरा धरण आटले होते आणि 12 एप्रिल रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन आगगाडी शहरात आली होती. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये सुमारे 120 लिटर शुद्ध पाणी यंत्रातून वाहते, आणि ते शुद्ध करतानाच आणखी कितीतरी पाणी मोरीला जाते. हे वाया जाणारे पाणी स्वतंत्र टाकीत धरून शौचालयांकडे वळविणे, हे काम कोणत्याही वैद्यकग्रंथात सांगितलेले नसते. ते नळजोडणीची खडान्‌खडा माहिती असलेल्या कारागिरालाच सुचते.

अशा कारागिरांवर अंमल कोणाचा? नांदेडजवळच्या विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण रुग्णालय काय किंवा लातूरचे विलासराव देशमुख यांच्या नावाचे रुग्णालय काय, अशा शासकीय संस्थांचे अधिष्ठाते वैद्यकीय शिक्षण खात्याचे, तर इमारतीची दुरुस्ती सार्वजनिक बांधकाम खात्याची, आणि त्यातही स्थापत्य आणि विद्युत या शाखा निराळ्या. मोटार एका शाखेची आणि नळ दुसऱ्या शाखेचा, अशी वाटणी झाली की रुग्ण मात्र कोणाच्याच दप्तरात उरत नाही. म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे की, आवारातच राहणारा एक मुखत्यार अभियंता असावा, किरकोळ खर्चासाठी त्याच्या हाती तसलमात असावी, आणि तक्रारवहीतील कामांचा क्रम तक्रार करणाऱ्याच्या हुद्द्यावरून न ठरता रुग्णाच्या धोक्यावरून ठरावा. जनित्र नुसते सुरू करून 'ठीक' असा शेरा मारण्याचा शिरस्ता तर तत्काळ सोडावा. शस्त्रक्रियागृहाचा खराखुरा भार त्यावर टाकल्यावाचून त्याची परीक्षा होत नाही.

नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात 21 एप्रिल 2021 रोजी प्राणवायूच्या टाकीला गळती लागून दाब उतरला आणि 22 रुग्ण दगावले. असा प्रसंग ओढवल्यास कोणती झडप कोणी बंद करावयाची, राखीव सिलिंडर प्रथम कोणत्या कक्षाला जोडावयाचे, याची तालीम रात्रपाळीच्या माणसांकडून, मग ती कायम असोत वा कंत्राटी, परिचारिकांच्या समक्ष करून घेणे ही अभियंत्याची जबाबदारी, आणि त्यासाठी कामाच्या वेळेतूनच सवड काढून देणे ही अधिष्ठात्यांची.