फांद्या आणि फाटे

आपल्याकडील घराण्याच्या वंशावळीत मूळपुरुष कागदाच्या माथ्यावर असतो आणि त्याचे वंशज पिढ्यापिढ्यांनी खाली उतरत येतात. चार्ल्स डार्विनच्या १८५९ सालच्या ग्रंथात जी एकमेव आकृती आहे, तीत मात्र पूर्वज तळाशी असून वंश वर वाढत जातो. एकातून अनेक, हा आशय दोहोंचा सारखाच. परंतु ‘वर’ म्हणजे मनुष्याच्या लेखी केवळ जागा नव्हे. तो मानही होय. अर्न्स्ट हेकेलने १८७४ साली जीवसृष्टीचा वृक्ष चितारला आणि त्याच्या शेंड्यावर मानवाला बसविले. मग पाहणाऱ्याला वृक्षाच्या जागी शिडी दिसू लागली, तर नवल कसले?

डोळ्याची दुसरी खोड अशी की, तो शेजाराला नाते समजतो. फांद्यांच्या टोकांवर ओळीने रोहू, बेडूक, सरडा, माणूस अशी नावे लिहिली, म्हणजे बेडूक रोहूचा निकटचा आप्त वाटतो. वस्तुतः बेडूक व माणूस यांचा समान पूर्वज अलीकडचा. रोहूची शाखा त्याच्याही आधी वेगळी झाली. याच फांद्या फाट्यांपाशी उलट फिरविल्या, तर क्रम रोहू, माणूस, सरडा, बेडूक असा होतो आणि नात्यात तसूभरही फरक पडत नाही. नाते शेजारात नसते. ते फाट्यात असते.

वृक्षाला जागाही फार लागते. १९९० च्या सुमारास मेरिलँड विद्यापीठात चौदा जणांच्या वापरातील ८० मेगाबाइटची संगणक-तबकडी भरून जाई. ती कोणी व्यापली हे पाहण्यासाठी बेन श्नायडरमन यांनी फांद्या टाकून चौकटीत चौकट मांडली. ऐवज जितका मोठा, तितकी चौकट मोठी. सर्वांत जास्त जागा अडविणारा त्यामुळे तत्काळ नजरेत भरतो. तथापि क्लीव्हलँड व मॅकगिल यांनी १९८४ सालीच दाखविले होते की, डोळा लांबीइतक्या अचूकपणे क्षेत्रफळ जोखीत नाही. शिवाय चौकटींच्या दाटीत कोण कोणाच्या पोटात आहे, हे चटकन उमगत नाही.

सारांश, प्रत्येक आकृती काही दाखविते आणि काही झाकते. वर कोण आणि शेजारी कोण, हे प्रश्न नंतरचे. दोन फांद्या मागे कोठे एक होतात, हे वाचकाने प्रथम पाहावे. तेथवर दृष्टी पोहोचली, म्हणजे शेंड्यावरचा माणूसही इतर फांद्यांप्रमाणेच एक फांदी ठरतो.