रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी : भीती सोडा, तपासणी करा
(विहारातील कार्यक्रमात केलेले भाषण)



मी काही डॉक्टर नाही. गिरणीत आठ-आठ तास उभा राहणारा कामगार आहे. आमच्या खात्यात कितीतरी जणांच्या पोटरीवर निळ्या शिरा दोरीसारख्या फुगलेल्या आहेत. डॉक्टर चिठ्ठी देतात, "डॉपलर करून आणा." माणूस चिठ्ठी खिशात घालतो आणि जातच नाही. का? तर म्हणे करंट देतात, शीर फोडतात! म्हणून तिथे नेमके काय होते तेवढेच आज सांगतो.

यात सुई नाही, करंट नाही, एक्स-रेचे किरण नाहीत. असतो तो फक्त कानाला ऐकू न येणारा आवाज. नंदुरबार स्टेशनातून न थांबता जाणाऱ्या गाडीची शिट्टी येताना बारीक आणि जाताना जाड वाटते ना? यामागचे तत्त्व डॉपलर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४२ साली मांडले. त्यावरूनच मशीन रक्ताचा वेग व दिशा ओळखते.

पायाच्या किंवा मानेच्या तपासणीला उपाशी राहावे लागत नाही. पोटाच्या असेल तर लागते, ते आधी विचारून घ्या. सैल कपडे घाला, जुने रिपोर्ट न्या. आपल्या बायांनी अंगावर चादर मागावी, सोबत बाईमाणूस ठेवावे; तो आपला हक्क आहे. खोलीत अंधार असतो. पायाला थंडगार जेल लावून दांडा फिरवतात, मधूनमधून दाबतात. दाबल्यावर शीर चपटी झाली तर तिथे गुठळी नाही असे समजतात. फुगलेल्या शिरांसाठी उभेही करतात. फस्‌-फस्‌ आवाज येतो, तो तुमच्याच रक्ताचा. पडद्यावरचा लाल-निळा रंग म्हणजे चांगले-वाईट रक्त नव्हे, ती फक्त दिशा. अर्धा-पाऊण तासात काम संपते, लगेच घरी जाता येते.

शुगरवाल्यांनो, पायाची जखम भरत नसेल तर थांबू नका. रक्त पोचते की नाही हे वेळीच कळले तर पाय वाचू शकतो. एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, तर तेल चोळू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. सोबत दम लागला तर एक क्षणही घालवू नका.

शेवटी लेकरांचे. सिकलसेल आपल्या जिल्ह्यातल्या आदिवासी बांधवांत आहे, तसा विदर्भातल्या आपल्या समाजातही आहे. ज्या लेकराला हा आजार आहे (नुसता वाहक नव्हे), त्याची २ ते १६ वर्षांपर्यंत दरवर्षी कानशिलावरून मेंदूच्या रक्तवाहिन्यांची अशीच तपासणी करावी, असे तज्ज्ञ सांगतात. वेग फार वाढलेला दिसला तर लकव्याचा धोका आधीच कळतो आणि उपचार करता येतो.

रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना विचारा : कोणती वाहिनी, किती अडथळा, पुढे काय? विचारायला लाजू नका. शिकणे म्हणजे हेसुद्धा शिकणे आहे.

एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. जय भीम!