गव्हावाचूनचे गोडधोड

तापीकाठच्या बऱ्हाणपुरात शुभकार्य म्हटले की माव्याची जिलबी आणि दराबा यांची आठवण आधी होते. परंतु अशाच एखाद्या पंगतीत गव्हाचा कणही न सोसणारे बालक असू शकते, ही गोष्ट यजमानाच्या सहसा ध्यानी येत नाही.

या विकारास सीलिॲक म्हणतात. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. त्यामुळे रोग्याच्या शरीराची संरक्षक शक्ती त्याच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याचे अस्तर झिजते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. मूल खुरटते, पोट फुगते, जुलाब लागतात, रक्त कमी होते. या रोगाचे मूळ गव्हात आहे, असे डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात मांडले. आजही पथ्य हाच त्यावरील उपाय आहे आणि तो जन्मभराचा आहे. मात्र तपासणीपूर्वीच गहू सोडला तर निदान चुकण्याचा संभव असतो.

पोळी सोडणे त्या मानाने सोपे. लपलेला गहू ओळखणे कठीण. दराबा रव्याचा, म्हणून तो वर्ज्य. जिलबीतील मावा निर्दोष. पण त्यात कोणी आरारूट घालतो, तर कोणी मैदा. हलवायाला विचारल्यावाचून ती घेऊ नये. तिच्याच कढईत मैद्याचे पदार्थ तळले जात असतील, तर मुळीच घेऊ नये. खडीसाखर, बत्तासे, साखरेच्या गाठी, तिळाची रेवडी, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचा लाडू हे पदार्थ भेसळ नसेल तर चालतात. बाजारी गोळ्या आणि चॉकलेटे घेताना मात्र वेष्टन वाचावे. मैदा, बिस्किटाचा चुरा किंवा जवाचा माल्ट आढळल्यास ती दूर ठेवावीत.

कंदमुळांचे तसे भय नाही. बटाटा, रताळे, सुरण, अळकुड्या, गाजर, बीट ही सारी निर्धोक. साबुदाणाही कंदापासूनच होतो. पण फोडणीतील हिंग फसवतो, कारण बाजारी हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. ज्येष्ठमधाची काडी चालते. तिच्या नावाने मिळणाऱ्या परदेशी गोळ्यांत मात्र बहुधा गव्हाचे पीठ असते.

पेयांपैकी दूध, ताक, पन्हे, उसाचा रस, लिंबाचे सरबत, नारळपाणी, साधा चहा आणि कॉफी निःशंकपणे घ्यावीत. जवाचे सातू, बिअर आणि दुधात घालावयाच्या माल्टच्या पावडरी मात्र टाळाव्यात. ‘शक्ती यावी’ म्हणून कृश मुलाला हीच पावडर प्रेमाने पाजली जाते आणि तीच त्याला अधिक कृश करते.

ग्लूटेनमुक्त म्हणून विकल्या जाणाऱ्या अन्नात किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन असू नये, असा नियम आहे. यावरून एका चिमटीचे महत्त्व कळेल. निमाडात आणि खानदेशात ज्वारीची भाकरी पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे, हे अशा रोग्याचे भाग्यच. पण ती ज्वारी गव्हामागोमाग त्याच गिरणीत दळली, तर पथ्य तेथेच मोडते. तेव्हा धान्य निराळे दळावे. झारा, परात आणि तळणीचे तेल निराळे ठेवावे. आग्रह करणाऱ्या पाहुण्यांनीही ‘एका घासाने काय होते?’ असे म्हणू नये. या रोगात एका घासानेही पुष्कळ होते.