खर्च वाढवावा की कर कमी करावेत? मंदीतील अर्थनीतीचा वाद

(कस्तुरबा गांधी मार्ग, नवी दिल्ली येथील महाराष्ट्र सदनात स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आज आपण ज्या कस्तुरबा गांधी मार्गावर जमलो आहोत, त्याचे जुने नाव कर्झन रोड. लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय असताना, मार्च १९०२ मध्ये कलकत्त्याच्या विधिमंडळात एका मराठी माणसाने सरकारच्या अर्थसंकल्पावर आपले पहिले भाषण केले. ते होते नामदार गोपाळ कृष्ण गोखले. त्या वर्षी सरकारी तिजोरीत सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक होती आणि सरकार त्याबद्दल समाधान व्यक्त करीत होते. गोखल्यांचे म्हणणे असे, की दुष्काळाने पिचलेल्या देशात एवढी शिल्लक उरते, याचा अर्थ प्रजेकडून गरजेपेक्षा अधिक कर घेतला जातो. त्यांनी मिठावरील कर कमी करण्याची आणि आयकराची सूटमर्यादा वाढवण्याची मागणी केली. पुढील वर्षी मिठाचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला आणि आयकराची सूटमर्यादा ५०० रुपयांवरून १००० रुपयांवर गेली. मात्र याच गोखल्यांनी १९११ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचे विधेयक मांडले आणि त्यासाठी सरकारने अधिक खर्च करावा, असा आग्रह धरला.

मग गोखले करकपातीच्या बाजूचे की सरकारी खर्चाच्या बाजूचे? ते दोन्हींच्या बाजूचे होते. कोणता कर कमी होतो आणि कोणावर खर्च होतो, हे पाहून ते आपली भूमिका ठरवीत. आजच्या विषयाकडे आपणही याच दृष्टीने पाहावे, असे मला वाटते.

वाद नेमका कशाचा?

अर्थव्यवस्थेत मंदी येते तेव्हा लोक खर्च आवरतात. एकाचा खर्च हेच दुसऱ्याचे उत्पन्न असल्यामुळे सर्वांनी एकाच वेळी हात आखडला की सर्वांचेच उत्पन्न घटते. अशा वेळी सरकारने तूट सोसूनही मागणी टिकवावी, हा विचार जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ च्या आपल्या ग्रंथात पद्धतशीरपणे मांडला. तूट सोसण्याचे मार्ग मुख्यतः दोन. सरकारने स्वतः खर्च वाढवणे, किंवा कर कमी करून तो पैसा नागरिकांच्या व उद्योगांच्या हाती राहू देणे. खरा मतभेद येथून सुरू होतो.

खर्चाचे समर्थक म्हणतात, की सरकारने रस्त्यावर खर्च केलेला रुपया पूर्णपणे बाजारात येतो. करसवलतीतून मिळालेला रुपया घाबरलेला माणूस बँकेत ठेवील किंवा जुने कर्ज फेडील. शिवाय ज्याला करपात्र उत्पन्नच नाही, त्या शेतमजुराला आयकरातील सवलतीचा थेट उपयोग नाही. याउलट करकपातीचे समर्थक विचारतात, की सरकारी प्रकल्प वेळेवर सुरू होतात काय? भूसंपादन, निविदा, मंजुऱ्या यांत दोन वर्षे गेली तर मंदी ओसरल्यावर पैसा बाहेर पडतो. आपली गरज नागरिकाला सरकारपेक्षा अधिक कळते, आणि कराचा दर कमी राहिला तर गुंतवणुकीस उत्तेजन मिळते, हाही त्यांचा मुद्दा आहे.

अमेरिकेत फेब्रुवारी २००९ मध्ये ७८७ अब्ज डॉलरचा पुनरुज्जीवन कायदा झाला, तेव्हा हा वाद टोकाला गेला होता. त्या रकमेचा सुमारे एक तृतीयांश भाग करसवलतींचा होता. तरीही तेथील प्रतिनिधिगृहातील एकाही रिपब्लिकन सदस्याने त्याच्या बाजूने मत दिले नाही. राज्यसंस्थेचा आवाका किती असावा, याविषयीच्या श्रद्धा या आर्थिक प्रश्नामागे उभ्या असतात. म्हणून केवळ आकडेवारीने हा वाद मिटत नाही.

२००८-०९ : दोन्ही उपाय एकत्र

भारतात जागतिक वित्तीय संकटाची झळ २००८ च्या उत्तरार्धात पोहोचली. त्या वेळच्या आकडेवारीनुसार ९ टक्क्यांच्या वर असलेला वाढीचा दर २००८-०९ मध्ये ६.७ टक्क्यांवर आला. केंद्र सरकारने ७ डिसेंबर २००८, २ जानेवारी २००९ आणि २४ फेब्रुवारी २००९ अशा तीन टप्प्यांत उपाय जाहीर केले. पहिल्या टप्प्यात २०,००० कोटी रुपयांपर्यंतचा अतिरिक्त योजना खर्च आणि उत्पादन शुल्कात सरसकट चार टक्के बिंदूंची कपात होती. तिसऱ्या टप्प्यात उत्पादन शुल्काचा सर्वसाधारण दर १० वरून ८ टक्के आणि सेवा कर १२ वरून १० टक्के करण्यात आला.

येथे एक बाब लक्षात घ्यावी. त्या वर्षी मागणी टिकवून धरण्यात पॅकेजइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, वाटा संकटापूर्वीच घेतलेल्या निर्णयांचा होता. शेतकऱ्यांची कर्जमाफी फेब्रुवारी २००८ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली होती. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी कर्मचाऱ्यांच्या हाती येत होती. ग्रामीण रोजगार हमी कायदा १ एप्रिल २००८ पासून देशातील सर्व ग्रामीण जिल्ह्यांना लागू झाला होता. राजकोषीय तूट सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे २.५ टक्क्यांवरून एका वर्षात सुमारे ६ टक्क्यांवर गेली, त्यामागे ही सर्व कारणे होती.

अर्थव्यवस्था लवकर सावरली. तथापि दिलेली सवलत मागे घेणे कठीण ठरले. उत्पादन शुल्क २०१० मध्ये १० टक्के करण्यात आले. ते आणि सेवा कर १२ टक्क्यांवर येण्यास २०१२ साल उजाडले. दरम्यान २०१०-११ आणि २०११-१२ या वर्षांत घाऊक महागाई ९ टक्क्यांच्या आसपास राहिली, २०१२-१३ मध्ये चालू खात्यावरील तूट ४.८ टक्क्यांवर पोहोचली आणि २०१३ च्या उन्हाळ्यात रुपया घसरला. या सर्वांचे खापर केवळ प्रोत्साहनावर फोडणे योग्य नाही. तेलाच्या व अन्नधान्याच्या किमती हीही कारणे होती. परंतु २००३ च्या राजकोषीय उत्तरदायित्व कायद्याची उद्दिष्टे एकदा बाजूला ठेवल्यावर पुन्हा त्या वाटेवर येणे किती अवघड असते, हा धडा या काळाने दिला.

पणजीतील घोषणा

दुसरे उदाहरण निव्वळ करकपातीचे. एप्रिल ते जून २०१९ या तिमाहीतील वाढीचा दर ५ टक्के असल्याचे त्या वेळी जाहीर झाले. त्यानंतर २० सप्टेंबर २०१९ रोजी वस्तू व सेवा कर परिषदेच्या बैठकीपूर्वी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी गोव्यात पणजी येथे मोठी घोषणा केली. सवलती न घेणाऱ्या देशी कंपन्यांसाठी कराचा दर २२ टक्के, आणि नव्या उत्पादक कंपन्यांसाठी १५ टक्के. अधिभार व उपकरांसह हे दर अनुक्रमे २५.१७ व १७.०१ टक्के होतात. सरकारने वर्षाला १.४५ लाख कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडल्याचे सांगितले. मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक त्या दिवशी १,९०० हून अधिक अंकांनी वधारला.

समर्थकांच्या मते आशियातील स्पर्धक देशांच्या तुलनेत भारताचे दर जास्त होते आणि ही सुधारणा दीर्घकाळासाठी आवश्यक होती. टीकाकारांचा प्रश्न असा, की गिऱ्हाईकच नसेल तर कारखानदार केवळ कर वाचला म्हणून नवे यंत्र कशाला बसवील? तिसरा मुद्दा संघराज्याचा. कंपनी कर हा विभाज्य करनिधीचा भाग आहे आणि त्या वेळी त्या निधीतील ४२ टक्के वाटा राज्यांचा होता. म्हणजे घोषणा केंद्राची असली, तरी तिचा भार राज्यांवरही पडला. सहा महिन्यांतच महासाथ आल्याने या कपातीचा स्वतंत्र परिणाम मोजणे दुरापास्त झाले.

महासाथ आणि त्यानंतर

२०२०-२१ मध्ये राजकोषीय तूट ९.२ टक्क्यांवर गेली. सरकारने मोफत धान्य, रोजगार हमीसाठी ४०,००० कोटी रुपयांची वाढीव तरतूद आणि लघुउद्योगांना कर्जहमी यांवर भर दिला. अमेरिकेप्रमाणे सर्वदूर रोख रक्कम वाटण्याचा मार्ग मात्र स्वीकारला नाही, आणि त्यावर बरीच टीकाही झाली. त्यानंतर भर भांडवली खर्चाकडे वळला. २०२०-२१ मध्ये सव्वाचार लाख कोटींच्या घरात असलेला हा खर्च २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात १० लाख कोटी रुपयांवर नेण्यात आला. यामागील तर्क समजून घ्या. दिल्लीच्या राष्ट्रीय सार्वजनिक वित्त व धोरण संस्थेतील सुकन्या बोस आणि एन. आर. भानुमूर्ती यांच्या अभ्यासात भांडवली खर्चाचा गुणक सुमारे २.४५, तर हस्तांतरणात्मक खर्चाचा १ पेक्षा किंचित कमी आढळला. मात्र गुणक ही सरासरी असते. ज्या घरात उद्याच्या जेवणाची भ्रांत आहे, त्या घराला महामार्ग पूर्ण होईपर्यंत थांबायला सांगता येत नाही.

२०२५ मध्ये धोरणाचा काटा पुन्हा करांकडे झुकला. फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात नव्या करप्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त करण्यात आले; त्यासाठी सुमारे १ लाख कोटींचा महसूल सोडला गेला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे मुख्य दर ५ आणि १८ टक्के असे दोनच ठेवण्यात आले. या दोन कपातींची जात वेगळी आहे. आयकर प्रत्यक्ष भरणारे लोकसंख्येच्या मानाने थोडे. वस्तूवरचा कर मात्र साबणाची वडी घेणारा प्रत्येक जण देतो. म्हणून ‘करकपात’ हा एकच शब्द वापरून दोन्हींविषयी एकच मत देणे चुकीचे ठरेल. मिठाच्या कराबाबत गोखल्यांनी हेच ओळखले होते.

महाराष्ट्राची वाट

खर्च की करकपात, या वादाबाहेरची एक तिसरी वाट आपल्याच राज्याने शोधली. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या आसपास मजूर आले होते. खडी फोडणारे हात, पाझर तलावांची कामे आणि मुलांसाठी सुकडी यांच्या आठवणी आपल्यापैकी अनेकांच्या घरात आजी-आजोबांकडून ऐकायला मिळतील. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात आधी करून पाहिलेली कल्पना या काळात रोजगार हमी योजनेच्या रूपाने राज्यभर पोहोचली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

पैसा कोठून आणला? सरकारने १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर बसवला. नोकरदार, व्यापारी, वकील, डॉक्टर यांनी तो द्यायचा, आणि या व अन्य करांतून जमलेल्या रकमेइतकीच रक्कम राज्याने स्वतःची घालायची. वेतनपत्रकावर दरमहा दिसणाऱ्या २०० रुपयांच्या कपातीचा उगम येथे आहे. शहरातील पगारदाराने दुष्काळी गावातील मजुरीचा भार उचलावा, असा तो सामाजिक करार होता. या योजनेत चलाखीने आखलेली आणखी एक गोष्ट होती. पाऊस पडला, शेतात काम मिळाले, की मजूर आपोआप कामावरून परततो आणि सरकारचा खर्च उतरतो. सवलत मागे घेण्यासाठी मंत्रिमंडळाला अप्रिय निर्णय घ्यावा लागत नाही. अर्थशास्त्रात याला स्वयंचलित स्थिरक म्हणतात.

ही योजना निर्दोष नव्हती. अर्धवट कामे, खोटी हजेरीपत्रके, उशिरा मिळणारी मजुरी यांच्या तक्रारी वर्षानुवर्षे झाल्या. तरीही २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने तिचेच तत्त्व देशभर नेले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केला. त्यात हमीचे दिवस १०० वरून १२५ झाले आणि बहुतेक राज्यांवर ४० टक्के खर्चाची जबाबदारी आली. राज्यांचा महसूल मंदीतच आटतो. मग नेमक्या त्या वेळी हा वाटा ते कसा उभारतील, हा प्रश्न आपण अभ्यासण्यासारखा आहे.

उत्तर लिहिताना

आपल्यापैकी एकाने व्याख्यानापूर्वी मला विचारले, “सर, परीक्षेत या प्रश्नावर कोणती बाजू घ्यावी?” माझे उत्तर असे, की प्रत्येक उपायाला तीन प्रश्न विचारा. हा रुपया कोणाच्या हाती पडेल आणि तो माणूस तो खर्च करील काय? तो मंदी असतानाच पोहोचेल काय? आणि मंदी सरल्यावर तो मागे घेता येईल काय? २००८ चे उपाय पहिल्या दोन कसोट्यांना बऱ्याच अंशी उतरले, तिसरीला अडखळले. २०१९ ची करकपात मंदीवरील तातडीचा उपाय म्हणून दुबळी होती. दीर्घकालीन सुधारणा म्हणून तिचे मूल्यमापन वेगळ्या निकषांवर करावे लागेल. रोजगार हमी तत्त्वतः तिन्ही कसोट्यांना उतरते, मात्र अंमलबजावणीत दुसरीला कमी पडत आली आहे.

यानंतरही मतभेद उरेल. समाजाच्या पैशाचा किती भाग शासनाने ठरवून खर्च करावा, हा मूल्यांचा प्रश्न आहे आणि लोकशाहीत तो निवडणुकीने व संसदेतील चर्चेनेच सुटतो. प्रशासक म्हणून आपल्याला कदाचित दोन्ही विचारांच्या सरकारांबरोबर काम करावे लागेल. धोरण कोणतेही असो, मजुराचे हजेरीपत्रक वेळेवर भरले गेले की नाही आणि त्याची मजुरी पंधरा दिवसांत त्याच्या खात्यात जमा झाली की नाही, हे पाहणे आपल्या हाती असेल. तेवढे जरी आपण नेमाने केले, तरी या वादातील एका मोठ्या आक्षेपाला, म्हणजे सरकारी पैसा वेळेवर पोहोचत नाही या आक्षेपाला, आपण आपल्या कामातून उत्तर दिलेले असेल.