लिव्हरचा रिपोर्ट बिघडला, पण दुखणं स्नायूंचं

आज बोलू या पॉम्पे या दुर्मीळ, आनुवंशिक आजाराबद्दल. 1932 साली नेदरलँड्सच्या डॉ. पॉम्पे यांनी तो एका बाळात नोंदवला. पण तो मोठेपणीही सुरू होतो, आणि तेव्हा ओळखायला वर्षं जातात.

समजा, आपल्या गोंदिया जिल्ह्यातली चाळिशीची एक बाई. रोवणीत वाकल्यावर मांडीवर हात टेकल्याशिवाय उठवत नाही. पायऱ्या चढवत नाहीत. सगळे म्हणतात, अशक्तपणा आहे. रक्त तपासलं तर एसजीओटी, एसजीपीटी वाढलेले. झालं, लिव्हरची औषधं सुरू!

पण ही दोन्ही एन्झाइम स्नायूंतही असतात. स्नायू झिजले की तीही रक्तात उतरतात. म्हणून बिलिरुबिन आणि सोनोग्राफी ठीक असूनही हे आकडे वाढलेलेच राहिले, तर डॉक्टरांना विचारा, "सीपीके करून बघायचं का?" ही स्नायूंची साधी रक्ततपासणी आहे.

दुसरी खूण श्वासाची. उताणं झोपलं की दम लागतो, सकाळी डोकं जड होतं. पॉम्पेमध्ये श्वासाचा पडदाही कमजोर होतो. म्हणून फुंकर मारायची तपासणी बसून आणि झोपून, दोन्ही प्रकारे करावी.

होतं काय, तर ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, पचवणारं एक एन्झाइम कमी पडतं आणि ती स्नायूंत साचते. हे एन्झाइम कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबांतून मोजता येतं. थेंब टपालाने जातात. पेशंटला त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. खात्री मात्र जनुकीय तपासणीने करता येते.

सिकलसेल आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. इथेही तसंच. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला चारात एक धोका. म्हणून भावंडांचीही तपासणी करावी.

2006 पासून यावर एन्झाइमचं औषध आहे. दर दोन आठवड्यांनी सलाईनमधून, आयुष्यभर. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणातून, मुंबईच्या केईएमसारख्या केंद्रामार्फत, 50 लाखांपर्यंत मदत मिळू शकते. पण मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे मोठ्या माणसाला ही रक्कम फार काळ पुरत नाही. हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

तरीही निदान लवकर व्हायलाच हवं. गेलेला स्नायू सहसा परत येत नाही. उरलेला जपता येतो. रात्रीच्या श्वासाला मशीनचा आधार देता येतो. ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना सावध करता येतं.

तेव्हा घरातले जुने रिपोर्ट एकदा काढून बघा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.