चिमुकल्या पाखराचे वय

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



वारणानगरच्या एखाद्या बागेत सकाळी उभे राहा. जास्वंदीवर शिंजीर भिरभिरताना दिसेल. ओसरीजवळच्या लोंबत्या फांदीला नाहीतर वायरीला त्याचे थैलीसारखे घरटे असते. पुढच्या वर्षी तिथेच घरटे दिसले, की घरातली मंडळी म्हणतात, "आमची जोडी आली बरं का!" पण ती तीच जोडी असते का? आणि असली, तर हा सात-आठ ग्रॅमचा जीव जगतो तरी किती वर्षे?

प्रश्न साधा, उत्तर अवघड. बैलाचे वय दातांवरून कळते. पक्ष्याला ना दात, ना पिकलेले केस. पिलाची पिसे वेगळी असतात. पण एकदा प्रौढ पिसारा आला, की दोन वर्षांचा शिंजीर आणि सहा वर्षांचा शिंजीर दिसायला सारखेच. म्हणून अभ्यासक पक्ष्याच्या पायात क्रमांकाचे हलके कडे घालतात, त्याला सोडून देतात आणि तो पुन्हा सापडण्याची वाट पाहतात. आपल्या देशात हे काम बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने केले. १९५९ पासून डॉ. सलीम अली यांच्या मार्गदर्शनाखाली ते मोठ्या प्रमाणावर झाले.

अशा कड्यांनी जगभर काय सांगितले? पहिली गोष्ट, लहान पक्षी आपल्या आकाराच्या मानाने दीर्घायुषी असतात. घरातला उंदीर शिंजीरापेक्षा वजनदार. पण पिंजऱ्यात सांभाळला तरी दोन-तीन वर्षांत म्हातारा होतो. पक्ष्याचे शरीर आपल्यापेक्षा गरम, रक्तातली साखर आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. तरीही तो टिकतो. कारण त्याला पंख आहेत. जो शत्रूच्या तावडीतून सुटू शकतो, त्याच्या शरीराची डागडुजी निसर्गालाही परवडते.

दुसरी गोष्ट आपल्या उष्ण प्रदेशाची. युरोपातली वल्गुली एका वेळी आठ-नऊ अंडी घालते. आपला शिंजीर दोन, चष्मेवाला दोन-तीन. साप, कावळे, टकाचोर यांच्यामुळे आपल्याकडे बरीच घरटी वाया जातात. कोस्टा रिकात आयुष्य घालवलेल्या अलेक्झांडर स्कच यांनी १९४९ साली मांडले, की पिले थोडी असली तर घरट्याकडे खेपा कमी होतात आणि शत्रूचे लक्षही कमी जाते. मग वंश टिकतो कसा? आईबाप अधिक वर्षे जगतात म्हणून, असे बरेच दिवस मानले जाई.

१९९० साली या समजुतीला धक्का बसला. पनामाच्या जंगलात शंभर प्रौढ पक्ष्यांतले सरासरी छप्पन्न वर्षभर तगतात असे आढळले. अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये जवळपास चोपन्न. फरक नाममात्र! छप्पन्नच्या हिशेबाने पाच वर्षांनी शंभरातले पाच-सहाच उरतात. पुढे २०२० साली जगभरच्या नोंदी एकत्र तपासल्या, तेव्हा सरासरीने उष्ण प्रदेशाचे पक्षी खरेच जास्त तगतात असे दिसले. मात्र प्रत्येक जातीची गोष्ट वेगळी.

सर्वांत सुंदर पुरावा हिंदी महासागरातल्या सेशेल्सचा आहे. तिथल्या कझिन बेटावर आपल्या उसातल्या वटवट्यासारखा, पंधरा ग्रॅमचा पक्षी राहतो. १९६० च्या दशकात तो तीसच्याही आत आला होता. संरक्षण मिळाले आणि तो सावरला. बेटावरच्या जवळजवळ प्रत्येक पक्ष्याच्या पायात रंगीत कडी आहेत आणि पक्षी बेट सोडत नाहीत. त्यामुळे कोण कधी जन्मला, कधी मेला, हे ठाऊक असते. शंभरातले सुमारे चौऱ्याऐंशी प्रौढ दरवर्षी तगतात. काही तर एकोणीस वर्षे जगले.

रानातला पक्षी म्हातारा होण्याआधीच मरतो, असे पूर्वी मानत. इथे म्हातारपणही दिसले. उतारवयात वीण मंदावते, मृत्यूची शक्यता वाढते. पण पिले वाढवायला घरचा मदतनीस असेल, तर वयस्क मादीची ही उतरण मंदावते, असे २०१९ साली दिसून आले. एकत्र कुटुंबाचा फायदा पाखरांनाही कळतो म्हणायचा!

याचा आपल्याशी संबंध काय? घरटे मोडले, तर जोडी पुन्हा बांधते. पण दोन अंडी घालणाऱ्या जातीत अनुभवी पक्षी गेला, तर पुढच्या कित्येक विणी बुडतात. नायलॉनचा मांजा, मोकाट मांजर, विषारी फवारणी यांनी होणारे नुकसान म्हणूनच मोठे. वारणेकाठी उसाचे पाचट पेटवताना बांधावरची झुडपे वाचवली, तरी पुष्कळ झाले.

आणि कुठे कडे घातलेला पक्षी सापडला, तर त्यावरचा क्रमांक, तारीख आणि गाव लिहून सोसायटीला जरूर कळवा. स्वतः मात्र पक्षी पकडू नका. त्याला कायद्याने परवानगी लागते. तुमचे एक पोस्टकार्ड एखाद्या पाखराचा जन्मदाखला ठरू शकेल.